तिसऱ्या नंबरचा बोलका

४ जानेवारी

दादा,

तुला कोपरापासून नमस्कार. गेल्या तीन वर्षांत तू पाठवलेली सगळी पत्रं काल एका बैठकीत वाचून काढली. हवा, तब्येत, आईच्या गुडघ्यांची चौकशी, आणि शेवटी 'बाकी ठीक'. माणूस घरमालकाला याहून जास्त जिव्हाळ्याने लिहितो. ईमेलने लिहितोस म्हणून काय झालं, आपण त्याला पत्रच म्हणतो ना?

घरचं पत्रात आणि 'पाटी'च्या कामाचं सगळ्यांच्या ईमेल-यादीवर, हा नियम तूच घातलास. आज मी तो मोडतेय, कारण यादीवर तू नाहीस आणि माझ्यावर बाका प्रसंग आलाय. वीस वर्षांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून आपण दोघांनी जुन्या कॉम्प्युटरांसाठी लिनक्सची आपली मराठी आवृत्ती, ही 'पाटी', जुळवली, तेव्हा ती दोन यंत्रांवर चालायची आणि त्यातलं एक तुझ्या मामेबहिणीचं, म्हणजे माझंच होतं. आज ती दीडशे शाळा-वाचनालयांत चालते. आणि आता तिथे भांडण जुंपलंय ते इनिटवरून.

नव्या मंडळींना मी सांगते, की इनिट म्हणजे घरातला कर्ता माणूस: यंत्र सुरू झालं की तो आधी उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. तुझ्या स्क्रिप्ट, म्हणजे तू लिहिलेल्या सूचना, एकेकाला क्रमाने उठवतात. पहिला तोंड धुऊन बसला, की मग दुसऱ्याला हाक. नवी पद्धत सगळ्यांना एकदम उठवते, आणि ज्याचं ज्याच्यावाचून अडतं तो तेवढा थांबतो. शाळेतल्या म्हाताऱ्या यंत्राला तुझ्या पद्धतीने उठायला पावणेदोन मिनिटं लागतात, नव्या पद्धतीने पस्तीस सेकंद.

सहा आठवडे नुसती हाणामारी चाललीय. सुरक्षेचं काम बघणारा एक जण तू गेल्यावर आला, त्याला सगळे कुलूपवाला म्हणतात. तो म्हणतो, जुन्या स्क्रिप्ट कोणालाच कळत नाहीत, उद्या बिघडल्या तर कोणाच्या तोंडाकडे बघायचं? शाळावाल्या बाई म्हणतात, चालत्या गाडीला खीळ घालू नका. एकाने तर लिहिलं, की नवी पद्धत भाडेकरू म्हणून शिरेल आणि उद्या मालक होऊन बसेल. आठ मतं आहेत, चार इकडे, चार तिकडे. नववं माझं.

१५ मार्चला आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक आहे. ये आणि तुझं म्हणणं तूच मांड. आणि म्हणणं नसलं तरी ये. आठ वर्षं झाली तुला बघून. आई दर रविवारी विचारते आणि मी दर रविवारी नवी थाप मारते. खरं सांगू, मीच तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेय.

तुझी ठकू

---

११ जानेवारी

ठकू,

मला येणं जमणार नाही. कामं आहेत, आणि प्रवास आता नकोसा वाटतो. मामीला सांग, की माझी तब्येत उत्तम आहे. रोज संध्याकाळी शेजारच्या शिंप्याबरोबर फिरायला जातो. त्याच्याशी दोस्ती अशी जमलीय, की त्याच्या खांद्यावर हात टाकल्याशिवाय मी रस्त्यावर पाऊल टाकत नाही. लोक हसतात म्हणे. हसोत.

इनिटबद्दल माझं मत तुला माहीत आहे. क्रमाने उठलेलं घर मला आवडतं. सगळ्यांना एकदम उठवलं तर न्हाणीघरासमोर मारामारी होते. पण मी यादी सोडली, मतही सोडलं. एकच सांगतो, आणि ते मात्र ऐक. काहीही ठरवा, बोलका तिसऱ्या नंबरवरून हलवू नका. डिस्क पहिली, आवाजाचं कार्ड दुसरं आणि स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा बोलका तिसरा. कारण विचारू नकोस.

त्या टेबलाची आठवण मला तुझ्यापेक्षा जास्त येते. तू डाव्या बाजूला बसायचीस आणि पेन्सिल चावायचीस. इथे माझं टेबल मोठं आहे, दुसरी खुर्चीही आहे. तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

तुझा दादा

---

२० जानेवारी

दादा,

'कारण विचारू नकोस' हे मी दहावीत असताना तू मला सांगायचास तेव्हा शोभायचं. आता मी सेहेचाळीस वर्षांची घोडी झालेय. आठ जणांसमोर मी काय सांगू, दादा म्हणतो म्हणून?

चार वर्षांपूर्वी तू बोलक्याला एका रात्रीत बाराव्या नंबरवरून तिसऱ्यावर आणलंस. कोणाला विचारलं नाहीस. वर्षभराने एकाने तो परत मागे नेला, तेव्हा तू त्याला नाही नाही ते बोललास. मग मी तुला बोलले, तेही चारचौघांत, आणि तू दुसऱ्या दिवशी यादी सोडलीस. बोलका तेव्हापासून तिसराच आहे, कारण नंतर कोणाची हात लावायची छाती झाली नाही. माझ्या बोलण्याचा राग अजून आहे का? असेल तर सरळ सांग. तुझं रागावणं मला चालतं. तुझं 'बाकी ठीक' चालत नाही.

सोबत एक फोटो जोडलाय. नीट बघ आणि काय वाटलं ते लिही. मी तर बघून रडलेच.

ठकू

---

२ फेब्रुवारी

ठकू,

राग नाही. राग असता तर बरं झालं असतं, तो उतरतो तरी.

फोटो पाहिला. मामीला नवा चष्मा छान शोभतो. वय दिसत नाही अजिबात. यात रडण्यासारखं काय होतं? आई म्हातारी झाली म्हणून रडत असशील, तर आपणही त्याच रांगेत उभे आहोत.

बैठकीबद्दल पुन्हा विचार करू नकोस. आणि मला बोलावूही नकोस. तू बोलावतेस, मी नाही म्हणतो, आणि मग दोन दिवस माझं कशात लक्ष लागत नाही.

दादा

---

५ फेब्रुवारी

दादा,

फोटोत आई नव्हती.

कपाट आवरताना आपली वही सापडली. तिचं एक पान वाचनालयाच्या स्कॅनरवर काढलं होतं. तुझ्या त्या मुद्रित वाटणाऱ्या अक्षरात सगळ्यांना उठवण्याचा क्रम, एक ते बारा, आणि खाली माझ्या किरट्या अक्षरात 'तेरा: चहा'. स्कॅनरला आधी दिलेलं नाव तसंच राहतं. त्याआधी मी त्यावर आईचा फोटो स्कॅन केला होता, म्हणून त्या पानालाही 'आई नव्या चष्म्यात' हेच नाव चिकटलं. तू नाव वाचलंस आणि ठोकून दिलंस.

एक क्लिक करायचं होतं, दादा. तेवढंही माझ्यासाठी जमलं नाही. मी इथे आठ माणसांशी भांडत तुझ्या स्क्रिप्ट सांभाळत बसलेय, आणि तुला माझं पाकीट उघडून बघण्याइतकीही गरज वाटत नाही. बघायचं नव्हतं तर बघितलं नाही म्हणायचंस. चष्मा शोभतो म्हणे.

ठकू

---

२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. एकोणीस दिवस झाले. मीही रागाने लिहिलं नाही. आज लिहितेय ते रागाने नाही.

काल दुपारी वाचनालयात नवी पद्धत एका जुन्या यंत्रावर चढवली. बोलका चालतो की नाही ते बघायचं होतं, म्हणून तो सुरू केला आणि बाण दाबत एकेका फाइलवरून जात होते. त्या पानावर आले. बोलका म्हणाला, "आई नव्या चष्म्यात. चित्र." तेवढंच. पान त्याला दिसत नाही ना, तो नावच वाचणार.

समोर एक वाचक पुस्तक परत करायला उभा होता, त्याने दोनदा बाई, बाई केलं तरी मला ऐकू आलं नाही. मग सगळं एकामागोमाग एक आठवत गेलं. शिंप्याच्या खांद्यावरचा हात. आठ वर्षांतली एकूण एक कारणं. चार वर्षांपूर्वी बारावरून तिसऱ्यावर आलेला बोलका. आणि यादीवर मी तुला काय लिहिलं होतं ते. शोधायची गरज नव्हती, तोंडपाठ होतं. 'दादा, हट्ट सोड आणि जरा डोळे उघडून बघ, बोलका वापरतंय तरी कोण?'

दादा, तुला दिसत नाही का?

मी चुकत असेन तर मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी त्या फ्रेम करून लावीन. चुकत नसेन तर तसं लिही. दोन शब्दांत लिहिलंस तरी चालेल.

ठकू

---

३ मार्च

ठकू,

नाही दिसत.

सहा वर्षांपूर्वी संध्याकाळी कॉलेजचा जिना चुकलो. मग कडेची माणसं दिसेनाशी झाली, त्यानंतर समोरची. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा विरत चाललाय. शिंप्याला सांगितलं तर तो म्हणाला, आण इकडे, रफू करतो. त्या दिवसापासून दोस्ती. आता खिडकी कुठे आहे एवढं कळतं. कॉलेजची नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली. फोनवरून लोकांची यंत्रं दुरुस्त करतो. त्यांना म्हणतो, स्क्रीनवर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा, म्हणजे चूक तुमच्याही लक्षात येईल. लोकांना वाटतं ही माझी शिकवण्याची पद्धत आहे.

तिसऱ्या नंबरचं कारण आता सांगतो. यंत्र चालू केलं, की बोलका बोलेपर्यंत ते जिवंत आहे की मेलंय हे मला कळत नाही. उठता उठता त्याने 'डिस्क तपासू का, हो की नाही' असं विचारलं आणि बोलका अजून झोपलेलाच असला, तर मी त्या प्रश्नासमोर नुसता बसून राहतो. एकदा दुपारभर बसलो होतो. मला वाटलं, आज खूपच वेळ घेतंय.

तुझं ते यादीवरचं वाक्य मला बोलक्यानेच वाचून दाखवलं. त्याला राग नाही, लोभ नाही, सगळं एकाच सुरात. तीन वेळा ऐकलं. तुझी चूक नव्हती, तुला माहीत नव्हतं. पण त्यानंतर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मला तुझं रडणं ऐकावं लागलं असतं. बघावं लागलं नसतं, हाच काय तो फायदा. शिवाय खरं सांगायचं तर लाज वाटली. ज्याने तुला ओळन् ओळ वाचायला शिकवलं, त्याला आता जमत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

आता जे लिहितोय ते नीट वाच. नवी पद्धत चांगली आहे. मी शिंप्याच्या मुलीकडून ती उतरवून घेतली आणि महिनाभर ऐकली. माझ्या स्क्रिप्ट नऊशे ओळींच्या आहेत. कानाने वाचताना पन्नासावी ओळ येईपर्यंत तिसरी विसरते. माझ्याच हातचं मला आता उमगत नाही. नव्या पद्धतीत एकेका सेवेची फाइल आठ-दहा ओळींची. ऐकली, की डोक्यात बसते.

मग विरोध का करत होतो? ठकू, त्या नऊशे ओळी आपण एका टेबलाशी बसून लिहिल्या. दीडशे ठिकाणी रोज सकाळी यंत्रं उठतात तेव्हा तो टेबलाचा क्रम चालू होतो, असं मी इथे बसून मोजत असायचो. ते गेलं, की आपण दोघं कधी एकत्र बसलो होतो याची खूण कुठेच राहणार नाही. मला तुझी फार आठवण येते. डोळे होते तेव्हाही यायची, पण तेव्हा यायचं ठरवलं तर येता येईल असं वाटायचं, म्हणून पुढे ढकलत राहिलो. मामीचा चेहरा शेवटचा आठ वर्षांपूर्वी पाहिला, तोच आता कायमचा. ढकलायला नको होतं.

एक अट आहे. माझ्या डोळ्यांच्या नावावर एकही मत मागायचं नाही. मला वाईट वाटेल म्हणून जुनं ठेवशील, तर मी तुला यापुढे एकही पत्र लिहिणार नाही. तुला जे बरोबर वाटतं त्याला मत दे.

दादा

---

१६ मार्च

दादा,

काल बैठक झाली. तुझी अट पाळली. पण माझ्या पद्धतीने पाळली.

हॉलमध्ये चौदा जण होते, मतं नऊ. दोन तास तेच तेच दळण. मग मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं मत नव्या पद्धतीला आहे, पण एका कलमासकट: बोलका उठल्याशिवाय यंत्राने माणसाला एकही प्रश्न विचारायचा नाही. डिस्कचा नाही, पासवर्डचा नाही, कसलाच नाही. कुलूपवाला वैतागला. त्याचं म्हणणं काही अगदीच चूक नव्हतं: दीडशे ठिकाणी प्रत्येक यंत्र या एका गोष्टीसाठी काही सेकंद थांबणार, आणि ती कोणी वापरतंय याचा एकही पुरावा नाही. मग त्याने सरळच विचारलं, "बाई, हा आवाज लागतो कोणाला?"

मी म्हटलं, "मला लागतो."

कुलूपवाल्याने माझ्या जाड चष्म्याकडे बघितलं आणि खाली मान घातली. त्याचा काय गैरसमज व्हायचा तो झाला, मी दुरुस्त केला नाही. शाळावाल्या बाई म्हणाल्या, मग लिहा की तसं, चर्चा कसली करताय? आणि ज्या जुन्याच्या बाजूने होत्या त्यांनीच ते कलम हाताने लिहून फळ्यावर लावलं. पाच विरुद्ध चार. नवी पद्धत आली, कलमासकट.

आज दुपारी तुझ्या स्क्रिप्ट मी माझ्या हाताने काढल्या. दुसऱ्या कोणाला काढू दिल्या नाहीत. नऊशे बारा ओळी. काढण्याआधी सगळ्या वाचल्या, मोठ्याने. वाचनालयात लोक माझ्याकडे बघत होते. बघोत. एका ठिकाणी तू टीप लिहिली होतीस, 'इथे ठकूचं बरोबर, माझं चूक'. वीस वर्षांत मी ती पाहिलीच नव्हती. पाच मिनिटं थांबले आणि मग तीही काढली, कारण तुझ्यासाठी जुनं ठेवायचं नाही, हा तुझा शब्द होता.

बोलक्याची नवी फाइल मी लिहिलीय, नऊ ओळींची. मी डोळे मिटून तपासली, पण त्याला काही अर्थ नाही. पुढे काय येणार हे मला पाठ असतं. ती खरी तपासू शकेल असं 'पाटी'त दुसरं कोणी नाही. पाठवतेय. चुका काढ, जशा पूर्वी काढायचास.

आणि दादा, तू खुणेचं बोललास. मला खूण नकोय, तू हवायस. आईला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, त्याला दिसत नाही म्हणून तो येत नाही होय, मला वाटलं होतं आमचा कंटाळा आला. आठ वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं, आणि मला कळलं नाही. तुला एकट्यालाच दिसत नव्हतं असं काही नाही.

ये. मी न्यायला येऊ का? सांगशील त्या दिवशी निघते.

ठकू

---

२९ मार्च

ठकू,

फाइल तपासली. पूर्वी बोलका तिसऱ्या नंबरवर असूनही चाळिसाव्या सेकंदाला तोंड उघडायचा. आता अकराव्याला. पाच वेळा बंद करून पाहिलं, पाचही वेळा अकरा. मग मुद्दाम डिस्कचा प्रश्न पडेल अशी खोडी केली. यंत्र थांबलं, बोलका उठला, आणि त्याने प्रश्न वाचून दाखवला. मी 'हो' दाबलं. एवढंच घडलं, पण मी उठून घरभर फिरून आलो. शिंप्याला बोलावून त्यालाही ऐकवलं. त्याला काही कळलं नाही, पण त्याने माझी पाठ थोपटली.

चूक एकच. सातव्या ओळीत आवाजाच्या कार्डासाठी थांबण्याची मर्यादा तू वीस सेकंद ठेवलीस. ते कार्डच नसेल तिथे शाळेतली पोरं वीस सेकंद ताटकळतील. पाच कर. कुलूपवाल्यालाही बरं वाटेल, आणि त्याला माझ्याबद्दल खरं काय ते सांगून टाक. माझ्यासाठी उगाच तू आंधळी होऊन फिरू नकोस.

टिपेचं मी विसरलो होतो. बरोबर तुझंच होतं.

न्यायला येऊ नकोस. मी येतो. १९ एप्रिल, सकाळी दहाची गाडी. शिंपी इथे डब्यात बसवून देईल, डबा शेवटून तिसरा. मामीला सांग, की चेहऱ्याला हात लावू द्यावा लागेल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उतरल्यावर मी सामान पायाशी ठेवून उभा राहीन, तुझा आवाज येईपर्यंत जागेवरून हलणार नाही. तू लांबूनच हात हलवत येशील, मला तुझी सवय माहीत आहे. त्याचा उपयोग नाही. हाक मार. दादा म्हणून मारू नकोस, फलाटावर पन्नास दादा वळून बघतील. माझी आई मला ढब्बू म्हणायची. चारचौघांत तसं म्हटलंस तर जन्मात बोलणार नाही, अशी मी तुला लहानपणी तंबी दिली होती. ती मागे घेतो. ढब्बू म्हण, मोठ्याने म्हण, आणि मी पोचेपर्यंत थांबू नकोस, म्हणत राहा.

तुझा दादा